स्टेपनीची जोडणी (कॅराव्हॅन)

स्टेपनीची जोडणी म्हणजे मोटारवाहनाचे जादा चाक प्रवासात सुटणार नाही, हलणार नाही आणि गरज पडताच काढता येईल अशा रीतीने वाहनाच्या सांगाड्याला अडकवण्याची व्यवस्था होय. सर्वसाधारण मोटारीत ही व्यवस्था कारखान्यातच ठरलेली असते. निवासाची सोय असलेल्या पर्यटन वाहनांत, म्हणजे कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅनमध्ये, चाकाच्या मूळ जागी बहुधा पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी किंवा बॅटरी येते. त्यामुळे चाकाला नवी जागा शोधावी लागते आणि नवा आधार तयार करावा लागतो. हा आधार कशाला जोडला आहे, यावर जोडणीची सुरक्षितता प्रामुख्याने अवलंबून असते. नट किती घट्ट आवळले, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

नाव आणि पूर्वेतिहास

मराठीत जादा चाकाला सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतात. हा शब्द वेल्समधील लनेथ्ली या गावातील स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याच्या नावावरून आला. तेथे टॉमस मॉरिस डेव्हिस याने १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाक तयार केले. सुरुवातीच्या मोटारींत जादा चाक नसे. खडबडीत रस्त्यांवर टायर वारंवार फुटत आणि ते जागेवरच उतरवून दुरुस्त करावे लागे. डेव्हिसचे चाक आजच्या अर्थाने पूर्ण चाक नव्हते. ती हवा भरलेला टायर असलेली, आरे नसलेली धाव होती आणि फुटलेल्या चाकालाच ती पकडींनी बाहेरून जोडली जाई. इंग्लंडमध्ये हा शब्द जवळजवळ विस्मरणात गेला. भारतीय उपखंडात मात्र तो टिकला, आणि ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेतला ‘एस्तेपे’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे.

पुढे मोटारींची चाके काढण्याघालण्याजोगी झाली आणि पूर्ण जादा चाक सोबत नेण्याची पद्धत पडली. १९२० आणि १९३० च्या दशकांत ते पुढच्या मडगार्डमधील खोबणीत उभे ठेवले जाई. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपने ते पाठीवर घेतले. जीपच्या परंपरेतून आलेल्या भारतीय वाहनांत ही ठेवण अजून दिसते. नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात तयार होणाऱ्या बोलेरो आणि थार या गाड्यांची स्टेपनी मागच्या दरवाजावर असते. त्याच कारखान्यातून आलेल्या स्कॉर्पिओची स्टेपनी मात्र मागे, गाडीच्या पोटाखाली टांगलेली असे. कॅराव्हॅन बांधणाऱ्यांपुढेही मुख्यतः हेच दोन पर्याय असतात.

दिंडोरी परिसरातील संदर्भ

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. नाशिक जिल्ह्यात अशा वाहनांना सोयीच्या वाटांपैकी एक दिंडोरी तालुक्यातून जाते. नाशिकहून सुमारे २५ किलोमीटरवर दिंडोरी, पुढे वणी, आणि वणीहून एक रस्ता नांदुरीमार्गे सप्तशृंगी गडाकडे, तर दुसरा सापुताऱ्याकडे जातो. द्राक्षबागा, करंजवण व ओझरखेड यांसारखी धरणे आणि रामशेजसारखा किल्ला यांमुळे मुक्कामाला थांबावे अशी ठिकाणे या भागात जवळजवळ आहेत.

स्टेपनीच्या दृष्टीने हा मार्ग बोलका आहे. एकाच दिवसात वाहनाला सपाट राज्यमार्ग, गतिरोधकांची रांग असलेली गावे, बागांमधून जाणारे मुरमाचे शिवाररस्ते आणि घाटातली वळणे भेटतात. पावसाळ्यात शिवाररस्त्यांवरची काळी माती चाकाबरोबर उडून गाडीच्या पोटाला लिंपली जाते आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसते. गाडीखाली टांगलेल्या स्टेपनीची साखळी, तिची तबकडी आणि फिरवण्याच्या दांडीचे तोंड अशा मातीत बुजून जाते. द्राक्षहंगामात, साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, याच रस्त्यांवर क्रेटांनी भरलेल्या पिकअप गाड्यांची ये-जा असते आणि चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला पायी निघालेल्या भाविकांचे जथे रस्त्याच्या कडेने चालत असतात. धावत्या गाडीवरून सुटलेले चाक त्याच वेगाने पुढे घरंगळत जाते. ते कोठे थांबेल, याचा अंदाज करता येत नाही. घाटात ते उतारावर वेग घेते. म्हणून स्टेपनी पडणे हे वाहनमालकाचे नुकसान कमी आणि रस्त्यावरच्या इतरांना धोका अधिक असते.

स्टेपनीवर पडणारे भार

पोलादी रिमसह हलक्या व्यापारी वाहनाच्या चाकाचे वजन साधारणपणे २५ ते ३५ किलो भरते. उभ्या गाडीवर हे वजन किरकोळ वाटते. तथापि गाडी खड्ड्यात आदळते किंवा गतिरोधकावरून उसळते तेव्हा चाकाचा भार क्षणभर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. उदाहरणार्थ, ३० किलोचे चाक तिप्पट भाराचा धक्का देत असेल तर आधाराला ९० किलो पेलावे लागतात. चाक मागच्या दरवाजावर उभे असेल आणि त्याचा मध्य पत्र्यापासून २० सेंटिमीटर बाहेर असेल, तर हा भार आधाराला केवळ खाली ओढत नाही. तो वरच्या बाजूने बाहेर उचकटूही पाहतो. वरच्या आणि खालच्या बोल्टांमध्ये २० सेंटिमीटर अंतर असल्यास वरच्या बोल्टांवर ९० किलोची बाहेरच्या दिशेने ओढ पडते. हेच अंतर १० सेंटिमीटर ठेवले तर ओढ दुप्पट, म्हणजे १८० किलो होते. आधाराची पट्टी लहान आणि आटोपशीर करण्याचा मोह येथे महागात पडतो.

धोक्याचे खरे स्वरूप एका मोठ्या धक्क्यात क्वचितच असते. लहान धक्के हजारो वेळा बसतात आणि धातूला शीण येतो. वेल्डच्या कडेला किंवा बोल्टच्या छिद्रापाशी केसासारखी चीर पडते व ती हळूहळू वाढते. आधार नवा असताना माणूस लोंबकळला तरी तो तुटला नाही, ही गॅरेजमध्ये हमखास केली जाणारी परीक्षा म्हणून फारशी उपयोगाची नाही. तिच्यातून स्थिर भार कळतो, शीण कळत नाही.

मागच्या बाजूची जोडणी

कॅराव्हॅनची मागची भिंत बाहेरून भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती बहुधा दोन पातळ पत्र्यांच्या किंवा फायबरच्या थरांमध्ये उष्णतारोधक फोम भरून केलेली असते. अशा भिंतीला थेट बोल्ट लावून स्टेपनी टांगणे ही या वाहनांतील सर्वात सामान्य चूक होय. नट आवळताच आतला फोम दबतो, काही दिवसांनी आणखी दबतो आणि बोल्टातला ताण निघून जातो. मग चाक हलू लागते, छिद्र मोठे होते आणि त्यातून पावसाचे पाणी भिंतीत शिरते. भिंत फुगलेली दिसेपर्यंत आतला लाकडी सांगाडा कुजलेला असू शकतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे भार भिंतीवर न देता चॅसीवर देणे. चॅसीच्या दोन्ही लांब दांड्यांना मागे पोलादी चौकट जोडतात आणि स्टेपनीचा उभा खांब त्या चौकटीवर उभारतात. भिंतीला त्याचा स्पर्श झाला तरी तो केवळ बाजूला डोलू न देण्यापुरता असावा. भिंतीतून बोल्ट नेणे टाळता येतच नसेल, तर फोमच्या जाडीएवढ्या लांबीची पोलादी नळी छिद्रात बसवतात. त्यामुळे बोल्टचा दाब फोमवर न येता नळीवर येतो. आतून रुंद पट्टी लावून भार पसरवतात आणि छिद्राच्या कडा जलरोधक मसाल्याने बंद करतात. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी बोल्ट लावताना मध्ये रबर किंवा प्लास्टिकचा थर देणे आवश्यक असते, कारण हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम झपाट्याने झिजते. छतावर चढण्याची शिडी हा तर स्टेपनीचा आधार नव्हेच. ती माणसाच्या क्षणिक वजनासाठी बनवलेली असते, रोजच्या धक्क्यांसाठी नव्हे.

बंपरचीही गोष्ट अशीच आहे. अमेरिकेत मोटारीमागे ओढून नेण्याच्या कॅराव्हॅनांना पातळ पत्र्याची पोकळ चौकोनी नळी बंपर म्हणून लावलेली असते आणि तिच्यावर स्टेपनी बसवण्याची पद्धत रूढ आहे. नळीच्या टोकांचे वेल्ड तडकून बंपर चाकासकट रस्त्यावर पडल्याचे प्रकार तेथे घडत आल्याने, बंपरला थेट चॅसीशी बांधणारे जादा आधार वेगळे विकले जातात. भारतात अशी ओढायची वाहने थोडी आहेत. परंतु पिकअपवर घरगुती पद्धतीने बांधलेल्या कॅम्परांत मागचा दिखाऊ बंपर हाच आधार धरलेला आढळतो.

मागे जादा वजन टाकले की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, हेही विसरता येत नाही. पुढच्या व मागच्या आसांमध्ये ३ मीटर अंतर असलेल्या वाहनात ३० किलोची स्टेपनी मागच्या आसापासून दीड मीटर मागे टांगली, तर मागच्या आसावर ४५ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे १५ किलो उतरतात. एकट्या चाकाने फरक पडणार नाही. तथापि त्याच बाजूला पाण्याची टाकी, गॅसची टाकी आणि सायकली असतील, तर घाटाच्या चढावर सुकाणू हलके लागते. ओढून नेण्याच्या कॅराव्हॅनमध्ये हा परिणाम अधिक गंभीर असतो, कारण मागे वाढलेले वजन जोडदांड्यावरील दाब कमी करते आणि वाहन मागे झोके घेऊ लागते.

मागचा दरवाजा उघडण्यासाठी काही आधार बिजागरीवर बाजूला फिरणारे केलेले असतात. त्यात एका खिटीवर विसंबून चालत नाही. मुख्य खिटी निसटली तरी आधार उघडू नये म्हणून वेगळी आडपिन असावी लागते. मागची खिडकी संकटकाळी बाहेर पडण्याची वाट म्हणून ठेवलेली असेल, तर तिच्यासमोर स्टेपनी येता कामा नये.

गाडीखालची जोडणी

स्टेपनी पोटाखाली आडवी टांगली की गुरुत्वमध्य खाली राहतो, भिंतीला धक्का लागत नाही आणि मागचा दरवाजा मोकळा राहतो. म्हणून जागा असेल तर हाच पर्याय श्रेयस्कर मानला जातो. चाकाच्या मधल्या छिद्रातून साखळी किंवा तारेचा दोर खाली येतो, त्याच्या टोकाची तबकडी रिमला खालून धरते आणि वरचे लहान गियर दांडीने फिरवले की चाक वर ओढले जाते. चाक चॅसीवरील टेकूंना घट्ट भिडून टायर किंचित दबेपर्यंत ते ओढायचे असते. अर्धवट ओढलेले चाक झोके घेते, दर झोक्याला तारेची एखादी बारीक तार तुटते, आणि शेवटी संपूर्ण दोर तुटतो. टेकूंशिवाय केवळ दोरावर लोंबणारे चाक कितीही जाड दोराने बांधले तरी सुरक्षित नसते.

या पद्धतीचा दोष नेमका उलट टोकाचा आहे. चाक पडत नाही, ते निघतच नाही. पावसाळाभर चिखल आणि पाणी खाल्लेले गियर गंजून अडकते आणि पंक्चर झाल्यावर, सामान भरलेल्या गाडीखाली रस्त्याच्या कडेला झोपून, ते सोडवण्याची वेळ येते. वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळ्याच्या आधी व नंतर, चाक पूर्ण खाली उतरवून दोर तपासणे, माती धुणे आणि गियरला तेल-ग्रीस देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. सांडपाण्याच्या टाकीची तोटी किंवा धुराची नळी चाकाला लागून नसावी. नळीच्या उष्णतेने रबर कडक होते. चाक जमिनीच्या फार जवळ आले तर शिवाररस्त्यावरच्या उंचवट्याला ते घासते.

छतावर आणि आत

छतावरची स्टेपनी घाटातल्या वळणांवर वाहनाचा गुरुत्वमध्य वर नेते, आणि ३० किलोचे चाक शिडीवरून उतरवणे एकट्या माणसाचे काम नव्हे. तरीही जागेअभावी तो मार्ग निवडलाच, तर चाक आडवे ठेवून सांगाड्यापर्यंत पोचलेल्या कॅरियरला बोल्टने जोडावे लागते. प्रवासी जीपवर सामानाबरोबर दोरीने बांधण्याची रीत येथे पुरेशी नाही.

आत ठेवलेले चाक ऊनपावसापासून आणि चोरीपासून वाचते, पण अपघातात ते आतल्या माणसांवर येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबले, तर ३० किलोच्या चाकाला धरून ठेवण्यासाठी सुमारे ६०० किलोचा जोर लागतो. पलंगाखालच्या प्लायवूडच्या पेटीत नुसते ठेवलेले चाक पेटी फोडून पुढे येईल. ते तळाच्या सांगाड्याला बोल्टनेच आवळलेले असावे.

नट, बोल्ट आणि खुणा

चाक आधाराला जोडताना त्याच्या स्वतःच्या नट-छिद्रांचा उपयोग करणे सर्वांत चांगले. ही छिद्रे आतून शंकूच्या आकाराची असतात आणि तशाच शंकूच्या नटांनी चाक आपोआप मध्यावर बसते. सपाट वॉशर लावलेला साधा नट अशा छिद्रात फक्त कडेवर टेकतो आणि लवकर सैल होतो. किमान तीन नट, समान अंतरावर, आळीपाळीने आवळावेत. केवळ मधल्या छिद्रातून एक लांब बोल्ट घालून चाक धरायचे असेल, तर रिमच्या आतल्या गोलाईत बरोबर बसणारी जाड तबकडी लागते. अन्यथा चाक बोल्टाभोवती फिरत राहते आणि फिरता फिरता नट उघडते.

धक्क्यांनी नट सुटू नये म्हणून आत नायलॉनचे कडे असलेला नट किंवा दुहेरी नट वापरतात. चोरीच्या भीतीने एका नटाच्या जागी कुलपी नट लावण्याची पद्धत आहे. त्याची चावी गाडीतच, जॅक आणि एल पान्याबरोबर ठेवणे शहाणपणाचे. घरी राहिलेल्या चावीने वणीच्या घाटात स्टेपनी निघत नाही.

नवी जोडणी केल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळावे लागतात, कारण रंगाचे थर आणि नवे पृष्ठभाग तेवढ्यात दबून बसतात. त्यानंतर प्रत्येक नटावरून आधाराच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला आहे, हे पाना न लावता कळते. वेल्डजवळच्या रंगातून गंजाची बारीक तांबूस ओघळ आलेली असेल, तर तेथे चीर पडल्याचा संशय घ्यावा. चाक दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावे: गाडी डोलली पाहिजे, चाक नव्हे.

कायद्यातील स्थान

भारतात कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी ‘ए.आय.एस. १२४’ हे वाहन उद्योग मानक लागू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून चॅसीला छिद्र पाडण्याआधी किंवा वेल्ड करण्याआधी निर्मात्याच्या सूचना पाहणे आणि परिवहन कार्यालयात विचारणे आवश्यक ठरते. मागे टांगलेल्या चाकाने क्रमांकाची पाटी, मागचे दिवे किंवा परावर्तक झाकले जाऊ नयेत. झाकले गेल्यास ते बाजूला हलवून पुन्हा बसवावे लागतात.

२०२० मधील नियमदुरुस्तीने, ट्यूबविरहित टायर, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असल्यास ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांना स्टेपनी न बाळगण्याची मुभा दिली. शहरातल्या मोटारीला ती सोयीची आहे. टायरची बाजूच फाटली तर दुरुस्तीचे साहित्य निरुपयोगी ठरते, आणि दगडांच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर नेमके तसेच फाटण्याचा संभव अधिक असल्याने आडवाटेने जाणाऱ्या कॅराव्हॅनला ही मुभा घेणे इष्ट नाही.

टायरची देखभाल आणि चाक बदलणे

न वापरलेला टायरही जुना होतो. मागच्या बाजूला उन्हात राहिलेल्या टायरच्या कडेला बारीक भेगा पडतात, म्हणून त्याला आवरण घालतात. टायरच्या बाजूवर ठसवलेल्या चार अंकांतील पहिले दोन निर्मितीचा आठवडा व नंतरचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. आवरणाखाली किंवा गाडीखाली असल्याने स्टेपनीतील हवा तपासायची राहून जाते. महिन्यातून एकदा ती पाहावी. व्हॉल्व्ह हाताला लागेल अशा बाजूला ठेवून चाक बसवले तर हे काम मिनिटाचे होते. आकार मूळ चाकांचाच असावा, आणि भरलेल्या कॅराव्हॅनचा भार पेलण्याची टायरची क्षमता त्याच्या बाजूवरील भारांकावरून पडताळून घ्यावी.

चाक बदलताना वाहन सपाट, कठीण जागेवर थांबवून उरलेल्या चाकांना दगड लावतात, आणि जॅक लावण्यापूर्वीच स्टेपनी खाली काढून घेतात. जॅकवर उचललेल्या गाडीवरून जड चाक ओढून काढताना गाडी जॅकवरून घसरू शकते. गाडीखालची स्टेपनी तर मागचे चाक बसलेले असतानाही कधी कधी निघत नाही. अशा वाहनात मागचा भाग आधी थोडा उचलण्याची परवानगी निर्मात्याच्या पुस्तिकेत आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते. पंक्चर झालेले चाक नंतर स्टेपनीच्या जागी जाते. त्यात हवा नसल्याने गाडीखालच्या टेकूंना टायर पूर्वीसारखा दाबून भिडत नाही आणि आवळलेला दोर पुन्हा सैल पडतो. म्हणून ते शक्यतो आत बांधून न्यावे, किंवा जवळच्या टायरच्या दुकानापर्यंत वेग कमी ठेवून वाटेत एकदा उतरून पाहावे.